मनूच्या गळ्यातील इंजेक्शनविषयी

जळगाव
आखाजीचा दुसरा दिवस

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

आखाजीला माहेरी न आलेली ही माझी पहिलीच खेप, आणि त्यातच परवा व्हिडिओ कॉलवर मनूचा सुजलेला गळा पाहून तुम्हा दोघांच्या तोंडचे पाणी पळाले. फोनवर बोलायला घेतले की आईला रडू फुटते आणि बाबांना अर्धे ऐकू जात नाही, म्हणून सगळे कागदावर लिहून पाठवत आहे. बाबांनी ते सावकाश मोठ्याने वाचावे, म्हणजे आईलाही ऐकता येईल.

मनूच्या गळ्यावरच्या गाठीत इंजेक्शन देऊन आज पाचवा दिवस आहे. गाठ पूर्वीपेक्षा मोठी दिसते हे खरे, पण ती तशी दिसेल हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. औषध आत गेल्यावर गाठीतल्या पाण्याच्या पिशव्यांच्या भिंतींना मुद्दाम आणलेली ही सूज आहे. दोन दिवस तापही होता, तो आता उतरला आहे. श्वास घेताना घरघर झाली, आवाज बदलला किंवा गिळता येईनासे झाले, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठायचा, असे बजावून सांगितले आहे. त्यातले काहीही झालेले नाही. काल तिने शेवभाजीतली शेव तेवढी वेचून खाल्ली.

बाबा, 'एकदाच कापून मोकळे का होत नाही' हा तुमचा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता. ही गाठ कर्करोगाची नाही. शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणे लसिका नावाचा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचेही जाळे असते. बाळ पोटात असताना त्यातला काही भाग नीट जोडला गेला नाही, तर तेथे पाण्याने भरलेल्या पिशव्या तयार होतात आणि बहुतेक मुलांत त्या जन्मतः किंवा वयाच्या दोन वर्षांच्या आत दिसू लागतात. त्यामुळे आईने गरोदरपणात मला काय खाऊ घातले किंवा ग्रहणात मी काय चिरले, याचा यात काडीचाही संबंध नाही. आईने हे वाक्य दोनदा ऐकावे. कापायचे म्हटले तर गळ्यात या पिशव्या ओठांच्या आणि जिभेच्या नसांना, मोठ्या रक्तवाहिन्यांना लगटून बसलेल्या असतात. सगळे काढायला जावे तर नस दुखावण्याचा धोका, आणि थोडे राहिले तर गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता.

मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी नुसत्या सुईने पाणी काढले होते आणि आठवडाभरात गाठ होती तेवढीच झाली, तेव्हापासून तुमचा सुईवरचा विश्वास उडाला आहे. तेथे काय चुकले ते मला आता कळते. गाठ म्हणजे एक फुगा नव्हे. मोसंबीच्या फोडी असाव्यात तसे आत पडदे असतात. बाहेरून चाचपडत घातलेली सुई एखाद्याच फोडीत जाते, आणि पाणी उपसले तरी ते पाझरणारे अस्तर जसेच्या तसे राहते. या वेळी मनूला पूर्ण भूल दिली, गळ्यावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवले आणि सुईचे टोक पडद्यावर पाहत पाहत एकेका मोठ्या पिशवीत नेले. आधी पिवळसर पाणी काढले, मग एक्स-रेवर दिसणारे द्रव्य थोडेसे सोडून ते पिशवीतच राहते की एखाद्या शिरेत निसटते हे तपासले, आणि खात्री झाल्यावरच औषध दिले. औषधाने आतले अस्तर चिडते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पोकळी हळूहळू मिटते.

बाबा, केळफूल उभे असतानाच त्यात औषधाची सुई टोचायला तुम्ही मजुरांना किती बजावता! दिवस चुकला किंवा जागा चुकली तर औषध वाया, हे तुमच्याच तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. येथेही कळीचा मुद्दा तोच आहे, फक्त पाहायला डोळ्यांऐवजी यंत्र आहे.

सोनोग्राफीचे नाव निघताच आईला 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटीच आठवते, पण हे यंत्र ध्वनिलहरींवर चालते आणि त्यात किरणोत्सर्ग अजिबात नसतो. एक्स-रेमध्ये मात्र तो असतो, म्हणून एक्स-रे मोजक्या क्षणांपुरताच चालू ठेवतात. मुलांच्या बाबतीत याची काळजी अधिक घ्यावी लागते.

आता त्या गोष्टीकडे येते, जी कोणीतरी तुमच्या कानावर घातली आणि तुमची झोप उडवली. होय, औषधाचे नाव ब्लिओमायसिन आहे आणि ते कर्करोगातही वापरतात. १९६० च्या दशकात जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी ते शोधले, आणि मुलांच्या अशाच गाठींसाठी त्याचा वापर झाल्याचे जपानमधूनच १९७७ साली प्रसिद्ध झाले. कर्करोगात ते वरचेवर आणि सगळ्या शरीरासाठी देतात. येथे वजनाच्या हिशेबाने ठरवलेली थोडी मात्रा पिशवीत सोडतात. ते निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. एकूण मात्रा वाढत गेली तर फुप्फुसांना इजा होऊ शकते, म्हणून प्रत्येक वेळचा हिशेब फाइलमध्ये लिहिलेला असतो, आणि ती फाइल मी कोणाच्याही हाती देत नाही. दुसरी गोष्ट अशी की या औषधानंतर काही दिवस कातडीवर जेथे घर्षण होते, खाजवले जाते किंवा चिकटपट्टी ओढून काढली जाते, तेथे काळे पट्टे उमटू शकतात.

जळगावात हे का केले नाही, असे ह्यांनाही सगळे विचारतात. अशा गाठींत हात बसलेले रेडिओलॉजिस्ट, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आणि गळा सुजला तर रात्रभर लक्ष ठेवणारा विभाग एकाच छताखाली हवा होता, आणि तो आम्हाला मुंबईत मिळाला. खर्चाचे आम्ही पाहत आहोत. बाबांनी त्यासाठी केळीचे पैसे मोडू नयेत.

खरा परिणाम साधारण सहा आठवड्यांनी कळेल. मोठ्या पिशव्या बहुधा चांगल्या आटतात, पण कानाखाली काही अगदी बारीक आहेत आणि त्या इतक्या सहज दाद देत नाहीत, त्यामुळे दुसरे, कदाचित तिसरेही इंजेक्शन लागेल. तोवर कोणाचा लेप नको, शेक नको, आणि 'जरा चोळून पाहू' तर मुळीच नको. पुढच्या वेळी बाबांनी आमच्याबरोबर मुंबईला यावे. भूल देण्याआधी सहा तास तिला खायला देता येत नाही, आणि उपाशी मनूला गोष्टींत गुंतवून ठेवणे तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही.

आई, तू श्रावणात बांधलेला ताईत मनूच्या गळ्यात दिसला नाही, म्हणून तू काही न बोलता फोन बाबांकडे दिलास, हे माझ्या लक्षात आले. दोरा घासून डाग पडू नये म्हणून मी तो काढला आहे. देव्हाऱ्यात हळदीच्या करंड्याशेजारी ठेवला आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की तूच येऊन बांध.

तुमची,
ताई