बारावीचा अभ्यास चालू आहे, दाखल्यांचे काय?

प्रति,
मा. संपादक,

विषय : बारावीच्या वर्षात दाखल्यांकडे होणारे दुर्लक्ष

महोदय,

बारावीचे वर्ग सुरू झाले की पुण्यात घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. क्लास कुठला, टेस्ट सिरीज कुठली, किती पर्सेंटाइल पडले तर कुठले कॉलेज. हा हिशेब करायलाच हवा. पण पर्सेंटाइल चांगले असूनही एका कागदापायी जागा हातची जाऊ शकते, आणि तो कागद निघायला जेवढे महिने लागतात तेवढे निकालानंतर शिल्लक नसतात. म्हणून हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच लिहीत आहे.

सर्वांत वेळखाऊ कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. राखीव जागेवर अभियांत्रिकी, फार्मसी किंवा वैद्यकीयला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीने तो वैध ठरवलेला लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत वंशावळीचे शपथपत्र आणि विद्यार्थी विज्ञान शाखेत शिकत असल्याचे प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र जोडायचे. इथपर्यंत फारसे कोणी अडत नाही. अडते ते पुराव्यापाशी. प्रत्येक प्रवर्गाला एक मानीव दिनांक ठरलेला आहे : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधीचा, जातीची नोंद असलेला, वडिलांकडच्या नातलगाचा कागद शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यातला सर्वांत भक्कम. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा दाखला किंवा तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढावी. ती मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावे लागते, त्यात आणखी दिवस जातात. आईकडचा पुरावा चालत नाही, हे अनेकांना समिती त्रुटी काढते तेव्हाच कळते. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाचे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर काम बरेच सोपे होते. म्हणून पहिला फोन काकांना करावा.

पुण्यातल्या पालकांची एक खास अडचण आहे. घर कोथरूडला किंवा हडपसरला, पण मूळ गाव बीड, लातूर किंवा सोलापूर जिल्ह्यात. मानीव दिनांकाला कुटुंब जिथे राहत होते, तिथलाच जातीचा दाखला लागतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. (जमातींसाठीच्या तपासणी समित्या वेगळ्या आहेत.) पुण्यातल्या कार्यालयात फाइल घेऊन गेले तर ती परत येणार. गावाकडच्या शाळेचा उतारा दिवाळीच्या सुट्टीत आणू म्हणाल तर तेव्हा शाळाही बंद असते. गणपतीच्या आधीच एक चक्कर मारून यावी. निकालानंतर काही वर्षी शासनाने वैधता सादर करायला मुदतवाढ दिलेली आहे. यंदाही मिळेल या भरवशावर राहू नये, कारण मुदतीत कागद आला नाही तर राखीव प्रवेश रद्द होतो.

दुसरे काम घरच्या घरी, एका संध्याकाळी होण्यासारखे आहे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आडनावातला एखादा काना, आईचे नाव, जन्मठिकाण, पोटजात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ आणि जन्मठिकाण तालुका-जिल्ह्यासह आहे ना, हेही पाहा. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेल्या मुलाचा जन्मही इथला असेल तर अभियांत्रिकीच्या प्रवेशात त्यावर भागते. जन्म बाहेरचा असेल तर अधिवास प्रमाणपत्र लागते. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या नोंदीतली चूक विद्यार्थी पटावर असतानाच दुरुस्त करून घ्यावी. दाखला हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होते.

उत्पन्नाचे कागद सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून निघतात, पण तिथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. उत्पन्नाचा दाखला वेगळा, मागास प्रवर्गातले कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र वेगळे आणि आर्थिक दुर्बल घटकाचे म्हणजे ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र वेगळे. नॉन-क्रीमिलेअरवर मुदतीची तारीख असते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत ते वैध हवे. ईडब्ल्यूएस मात्र आर्थिक वर्षाशी बांधलेले असते, त्यामुळे ते आज काढून उपयोग नाही. प्रवेशाच्या वर्षी एप्रिल उजाडताच अर्ज करावा. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचा नमुना लागतो, जेईई आणि नीटमधून केंद्रीय संस्थांत जायचे तर केंद्राचा. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर दोन्ही नमुन्यांत काढा.

हे कागद फीशीही जोडलेले आहेत. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत गेली. विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही, हे धरूनच घरचा हिशेब मांडावा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज दरवर्षी भरावा लागतो आणि विद्यार्थिनीचे बँक खाते आधारशी जोडलेले लागते. सर्व प्रवर्गांसाठी शिक्षण शुल्क माफीची टीएफडब्ल्यूएस योजनाही आहे. मंजूर जागांच्या 5 टक्के जादा जागा, उत्पन्नमर्यादा 8 लाख, निवड गुणवत्तेनुसार. पर्याय अर्जात, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जात, तिचा सांकेतिक क्रमांक वेगळा, शेवटी ‘टी’ असलेला असतो. तो वेगळा पर्याय म्हणून भरला नाही तर कितीही गुण असले तरी ती जागा मिळत नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर क्लासवाले पुष्कळ सांगतात. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे 50-50 प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे. अर्धे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. अकरावीवर साधारण 20 टक्के प्रश्न येतात. बोर्डाला मात्र हलके धरू नका. अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला तीन विषयांत मिळून 45 टक्के आणि राखीवला 40 टक्के लागतात. आयआयटी-एनआयटीची 75 टक्क्यांची अट वेगळीच.

पर्याय अर्ज भरताना होणारी चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. 2025 च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनांपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा घेणे बंधनकारक होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होत होती. ‘बघू तरी मिळते का’ म्हणून वरती भरलेले कॉलेज गळ्यात पडते ते असे. म्हणून पहिल्या सहा ओळी घरात बसून, मुलाला समोर घेऊन ठरवाव्यात. सायबर कॅफेवाल्याच्या तयार यादीवर त्या सोडू नयेत. मागच्या वर्षीच्या कटऑफशी पर्सेंटाइलची तुलना करण्यापेक्षा गुणवत्ता क्रमांकाची करावी. दोन्ही आकडे कटऑफच्या यादीत छापलेले असतात. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज निश्चित करू नये.

वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना तर कोणी काहीच सांगत नाही. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएससाठीही सीईटी आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला आधीपासूनच आहे. या परीक्षांची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी होते. फर्ग्युसन किंवा बीएमसीसीसारख्या स्वायत्त महाविद्यालयांचे बीए, बीकॉम, बीएस्सीचे अर्ज त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर भरायचे असतात. तिथल्या तारखा रोज पाहाव्या लागतात.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की, कटऑफचे तक्ते आपण जून-जुलैत छापता, तसेच बारावीत नुकत्याच गेलेल्या मुलांसाठी दाखल्यांचे वेळापत्रक आदल्या जुलैतच छापावे. शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांनी ऑगस्टमधला एक शनिवार कागद तपासणीसाठी ठेवावा. कार्यालयातील एक लिपिक आणि एक शिक्षक एवढे मनुष्यबळ पुरेल. पडताळणीसाठी लागणारे प्राचार्यांचे पत्र त्याच दिवशी सही करून द्यावे.

आपला नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक,
पुणे