'डॉक्टर्स बीन'चा अर्थ सांगणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमची आमच्या वॉर्डातली शेवटची नाइट झाली आणि मी नेमकी रजेवर होते. फोन केला असता तर रडूच आलं असतं, म्हणून लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण नर्स म्हणून इंग्लंडात यॉर्कशायरला येणाऱ्या आपल्या मुलींना हे आधीच कळलेलं बरं.

कोल्हापूरहून निघाले तेव्हा इंग्रजीची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. पण इथं सकाळी हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सना सांगणं, सुरू झाला की वाक्यातलं क्रियापदच मला सापडायचं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांबद्दल सिस्टर म्हणाली, 'द डॉक्टर्स बीन.' मला वाटलं, एकापेक्षा जास्त डॉक्टर आहेत. पुढच्या 'बीन'चा अर्थच लागेना. डॉक्टर यायचे असतील असं धरून मी आजोबांच्या मुलीला थांबवून ठेवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती ती. दीड तासानं कळलं, डॉक्टर तपासून केव्हाच गेले होते. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

त्यानंतरच्या नाइटला पहाटे तीनच्या सुमारास तुम्ही माझ्यापुढं चहा ठेवलात आणि विचारलंत, 'काय झालंय?' मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'आत्ता मी काय विचारलं? काय झालंय. त्यातलं "आहे" कुठं गेलं?'

ताई, इतकी वर्षं इंग्रजी शिकले, पण हे कुणी मराठीतून दाखवलं नव्हतं. कुठंय, आलाय, गेलीय, चाललंय. आपण दिवसभर 'आहे' गिळतो आणि समोरच्याला ते बरोबर ऐकू येतं. इंग्रज माणूस तेच नामाला आणि प्रश्नाच्या शब्दाला जोडून करतो. 'डॉक्टर हॅज बीन' म्हणजे डॉक्टर येऊन गेलेत, त्यातला 'हॅज' नुसता 'स' होऊन डॉक्टरला चिकटतो. आणि 'इज'सुद्धा तसाच चिकटतो, खरी पंचाईत तिथं होती.

हात पुसायच्या कागदावर तुम्ही लिहून दिलंत: 'स'कडे बघू नकोस, पुढचा शब्द ऐक. 'व्हॉट्स ही डूइंग', पुढं 'इंग' आलं, म्हणजे 'इज'. 'व्हॉट्स ही डन', पुढं तिसरं रूप, म्हणजे बहुतेक वेळा 'हॅज'. औषधाच्या कपाटाशी रोज ऐकू येणारं 'हूज गॉट द कीज' हे 'हॅज'. पण 'हूज कीज आर दीज' म्हटलं की त्यात क्रियापद दडलेलंच नाही, ते 'कोणाच्या किल्ल्या' झालं. कानाला दोन्ही 'हूज' सारखेच. 'ड'चंही तसंच. 'द डॉटर्ड रंग' (हा 'रंग' म्हणजे 'रिंग'चं तिसरं रूप) म्हणजे मुलीचा फोन येऊन गेला होता, तो 'हॅड'. 'द डॉटर्ड लाइक अ वर्ड' म्हणजे तिला बोलायचंय, तो 'वुड'. आणि 'व्हेअर्ड ही गो' मधला 'ड' चक्क 'डिड'चा. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, चहाच्या डागासकट.

एक गोष्ट मात्र तुम्ही मला बोलताना पकडून शिकवलीत. पेशंटला इकडून तिकडे नेणाऱ्या पोर्टरनं एका पेशंटबद्दल विचारलं आणि मी म्हणाले, 'आय डोन्ट नो व्हेअर हीज.' तो तसाच थांबला, माझं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत. मराठीत 'तो कुठंय' म्हणून वाक्य संपवता येतं. इंग्रजीत 'व्हेअर्स ही' चालतं, पण 'इज' शेवटी आला की त्याला आखडता येत नाही, 'व्हेअर ही इज' असं पूर्ण म्हणावं लागतं. तुम्ही कारणही सांगितलंत: 'इज'नंतर जे यायचं ते 'व्हेअर' होऊन आधीच पुढं गेलेलं असतं, मागं टेकायला काही उरत नाही, म्हणून त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. तेव्हापासून ती चूक माझ्याकडून झालेली नाही.

आणि पेशंटच्या फाइलबद्दल तुम्ही किती कडक होतात! 'बोलताना काय हवं ते गिळ, लिहिताना "हॅज ईटन" पूर्णच लिही.' पेशंट जेवलाय की जेवतोय, हे शुगर बघणाऱ्या पुढच्या नर्सला एका नजरेत कळलं पाहिजे, हे तुमचं म्हणणं मी अक्षरशः पाळते.

परवा एका आजींची मुलगी धावतपळत आली, अंगावर ओला कोट. मी हँडओव्हरमध्ये 'द डॉक्टर्स बीन' ऐकलं होतं. तिला लगेच बाजूला बसवलं आणि डॉक्टर काय सांगून गेले ते वाचून दाखवलं. ती पंधरा मिनिटांत आईजवळ बसून तिचे केस विंचरत होती. ताई, तेव्हा तुमची फार आठवण झाली. मनापासून आभार.

तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच राहिलाय. पुढच्या रविवारी घेऊन येते, रिकामा आणणार नाही.

तुमचीच,
वॉर्डातली धाकटी