झालरीचं मापही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरसजावटीचे फोटो येतात. फोटो छान असतात, पण त्यातली एखादी वस्तू घरी करायची म्हटलं तर कापड किती आणायचं, हे कुठेच नसतं. गेल्या महिन्यात पलंगाला झालर शिवताना ही उणीव फार जाणवली, म्हणून हे पत्र.

आमचा पलंग सागवानी, चार पायांचा, ६ बाय साडेसहा फूट. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तो आमच्याबरोबर आला. खाली दोन ट्रंका, पापडाचे डबे आणि सासऱ्यांची बाजाची पेटी. समोर बांधकाम सुरू झाल्यापासून या सगळ्यावर रोज धूळ बसते. तयार झालर मागवली, ती आखूड पडली. शिंप्याने "आजी, असलं काम आता घेत नाही" म्हणून सांगितलं. मग पायमशीन पुसून स्वतःच बसले.

पलंगाच्या तीन बाजू मिळून १९ फूट. चुण्या भरदार हव्यात तर कापड दुप्पट, म्हणजे साडेअकरा मीटर. तुळशीबागेत कापड बघून आले, पण मन घेईना. कपाटात आईची बारीक चौकड्यांची इरकल होती, घडीवर मधोमध विरलेली. नेसता येत नव्हती आणि टाकवतही नव्हती.

साडी साडेपाच मीटर, पन्हा म्हणजे रुंदी ४५ इंच. ती लांबीत उभी कापली की दोन पट्ट्या मिळून ११ मीटर होतात. दुपटीला थोडी कमी, पण चुण्यांत ते कळत नाही. जमिनीपासून फळीपर्यंत आमच्या पलंगाची उंची १७ इंच. लादी पुसताना झालर भिजू नये म्हणून खाली अर्धा इंच सोडला आणि वर शिवणीला अर्धा इंच धरला. म्हणजे प्रत्येक काठाकडून १७-१७ इंच घेतले आणि मधला विरलेला ११ इंचांचा पट्टा आपोआप बाजूला निघाला. काठ खाली आल्यामुळे दुमड घालावीच लागली नाही. दोन्ही काठ खाली आणायचे तर एक पट्टी उलट्या दिशेला फिरते, तेव्हा दोन्ही पदर समोरासमोर येतात. ते जोडले आणि आईचा लाल पदर पायथ्याच्या बरोब्बर मध्यावर आला. हे मी ठरवलं नव्हतं. जोडून झाल्यावर कितीतरी वेळ नुसता हात फिरवत बसले होते.

चुण्यांनी मात्र रडवलं. सगळ्या लांबीला एकच कच्ची टीप घालून दोरा ओढला, तो निम्म्यावर तुटला आणि सगळ्या चुण्या सुटल्या. दुसऱ्यांदा मीटर-मीटरचे तुकडे धरून, टाका मोठा ठेवून, शेजारी शेजारी दोन टिपा घातल्या. दोन्ही दोरे एकदम ओढले की चुण्या सारख्या बसतात. पायांमुळे कोपऱ्यावर झालर सलग नेता येत नाही, म्हणून पदराच्या जोडापासून दोन्हीकडे पावणेदोन मीटरवर कापून तीन भाग केले. ट्रंक ओढायची तर एकच बाजू वर करता येते, हाही फायदा. जुनी डबल बेडची चादर फळीच्या मापाची कापून तिच्या तीन कडांना हे भाग शिवले. ती गादीखाली जाते, गादीच्या वजनाने हलत नाही. डोक्याकडची बाजू भिंतीला आहे, तिथे झालर नाही.

माझ्या नातीच्या वयाच्या मुली हल्ली हौसेने मशीन घेतात. पण कापड दुप्पट का लागतं, उभं कापायचं की आडवं, हे त्यांना सांगणारं घरात कोणी उरलेलं नसतं. पूर्वी पुरवण्यांमध्ये शिवणाची आकृती आणि मापं येत. मी ती कापून वहीत चिकटवत असे. तसा चार बोटांचा कोपरा पुन्हा सुरू करावा, ही कळकळीची विनंती. पहिल्या आठवड्याला हवी तर ही झालरच घ्या, आकृती मी काढून देते.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे