उपग्रहचित्रांचे वार्षिक नकाशे जाहीर करावेत

महोदय,

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली; मात्र तेथील शेतांत इमारती त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या, आणि हा बदल उपग्रहचित्रांत टप्प्याटप्प्याने नोंदला गेला आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची (म्हणजे चित्रातील एक ठिपका जमिनीवरील १० बाय १० मीटर दाखवणारी) चित्रे मोफत मिळत असताना नियोजनात त्यांचा नियमित वापर न होणे मला अक्षम्य वाटते.

अर्थात, उन्हाळ्यात मोकळे पडलेले शेत, मुरमाड माळ आणि नवे बांधकाम हे चित्रांवरून नकाशे बनवताना संगणकाला सारखेच भासू शकते. म्हणून खरीप, रब्बी व उन्हाळा या तिन्ही हंगामांची चित्रे ताडून पाहावीत, त्यांचा सातबाऱ्यावरील पीकपाहणीशी मेळ घालावा आणि शंकास्पद ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करावी. अरुंद ओढ्यांसाठी मात्र १० मीटरचा तपशील अपुरा पडतो. तेथे आपल्या भारताच्या कार्टोसॅट उपग्रहांची सूक्ष्म चित्रे लागतील. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातील आंबील ओढ्याच्या पुराने घेतलेले बळी आठवले, की ओढ्यांवरील अतिक्रमणाची नोंद किती तातडीची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांनी असे नकाशे दरवर्षी, गट क्रमांकांसह, बांधकाम परवानग्यांच्या यादीशी जोडून नागरिकांसाठी खुले करावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे