यंदा मी मे महिन्यात गावी येत नाही

लालबाग, 18 मे 2020

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा ‘ठेव आता, बिल वाढतंय’ म्हणतात. (हल्ली बिल तसं वाढत नाही, बाबा.) म्हणून लिहून पाठवतेय. सोन्या सड्यावर रेंजला जाईल तेव्हा त्याच्या मोबाईलवर येईल. त्याच्याकडून वाचून घ्या, आणि त्याला म्हणावं, आत्याने लिहिलंय तेवढं सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

मी यंदा येत नाही. लॉकडाऊनमध्ये प्रवासाला लागणाऱ्या ई-पासचा अर्ज केलेला नाही, करणारही नाही. आपल्याकडचे कितीतरी जण गाड्या करून आले, मला ठाऊक आहे. पण एका गाडीत कोण कुठून बसलंय ते कुणाला कळणार? मुंबईत कोरोनाचा आकडा 20 हजारांच्या पुढे गेलाय, आणि निम्म्यांना साधा खोकलासुद्धा नसतो. उद्या मी हसत अंगणात उभी राहीन आणि चार दिवसांनी आईला ताप येईल. शिवाय आल्यावर हातावर क्वारंटाइनचा शिक्का आणि 14 दिवस शाळेत मुक्काम. आई, तू जेवण घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत येशील आणि मग आत येशीलच, तुला अडवायची ताकद ग्राम कृती दलात नाही. माझं ऑफिस घरून चालू आहे, ते सड्यावर बसून चालणार नाही, हेही आहे.

ही कारणं खरी आहेत. पण ती नसती तरी बहुतेक मी आले नसते.

चाळीत आता म्हाताऱ्यांचाच भरणा आहे. कोपऱ्यातल्या खोलीतले गुरुजी एकटे. मुलगा न्यूजर्सीला, तो तिथून किराणा मागवायचा, पण ॲपवर आठ-आठ दिवस वेळच मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीचं इन्सुलिन संपत आलं तेव्हा तिने कुणाला सांगितलंच नाही, कशाला त्रास म्हणून. मग मंडळाच्या पोरांनी मजल्यामजल्याने यादी केली: कोण एकटं, कुणाला कुठली गोळी, कुणाच्या मुलाचा नंबर काय. गणपतीच्या वर्गणीची वही घेतली आणि मागच्या पानांपासून लिहायला लागले. वही माझ्याकडे असते. रोज सकाळी मी फोन लावते, औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो मागवते, आणि एकच पोरगा सगळ्यांची औषधं एकदम आणतो म्हणजे दुकानात गर्दी नाही. बाजूची इमारत सील झालीय, बांबू लावलेत, तिथल्या लोकांनी गॅलरीतून दोरीला पिशव्या सोडायच्या आणि आम्ही खालून भाजी भरायची. पैसे नंतर, त्याच पिशवीतून. पोरं चांगली आहेत. वाईनशॉप दोन दिवस उघडली तेव्हा अर्धी यादी तशीच राहिली, ते सोडा.

औषधापेक्षा जास्त वेळ बोलण्यात जातो. टीव्हीवरचं रामायण संपल्यापासून गुरुजींची सकाळ सुनी झालीय. मी फोन केला की आधी तुमची चौकशी करतात, मग बाबांनी कॅरममध्ये केलेल्या लबाड्या सांगतात. जवळच्या दवाखान्याचं शटर मार्चपासून खाली आहे, त्यामुळे कुणाला काही झालं तर पालिकेचा 1916 नंबर लावायचा आणि वाट बघायची. तेवढा वेळ फोनवर कुणीतरी बोलत राहिलेलं बरं असतं.

आई, तू परवा म्हणालीस, परक्यांची म्हातारी माणसं सांभाळतेस, मग आम्ही कोण? तू रागावून नाही म्हणालीस, हे मला माहीत आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटलेलं नाही. तुमच्याकडे दादा आहे, वहिनी आहे, आशाताई दर दोन दिवसांनी दारात येऊन जाते. मावशीच्या दारात या वहीशिवाय कुणी नाही. आणि बाबा, 1982 च्या संपात वाडीतले सगळे गिरणीवाले गावी परतले, तुम्ही आम्हाला बोटीसारख्या हलणाऱ्या एसटीत बसवून दिलंत आणि स्वतः खोली सोडली नाहीत. मंडळाच्या धान्याचं वाटप तुमच्याकडे होतं ना? आई तेव्हा तुम्हाला काय काय म्हणाली, ते मी पाच वर्षांची असले तरी ऐकलंय. त्यामुळे तुम्ही तरी मला ‘हट्टी’ म्हणू नका.

माझी काळजी करू नका. पहाटे पाचला उठते, तेव्हा संडासाला रांग नसते, आणि मजल्यावरच्या बायका पाळीने ब्लीच मारतात. पाणी वेळेवर येतं. सुती मास्क वहिनीने शिवून दिलेल्या उशीच्या अभ्र्यातून काढलेत, तिला सांगू नका. डाळ-तांदूळ भरपूर आहे, आणि आईने शिमग्याला दिलेलं कुळथाचं पीठ अजून पुरतंय. दुपारी पिठी-भात, कधी सुका जवळा. आई, तू ताप आल्यावर मऊ भातावर मेतकूट घालून कपाळावर हात ठेवून बसायचीस ना, मागच्या आठवड्यात उगाचच तसं करून खाल्लं. तापबिप काही नव्हता. नुसतीच तुझी आठवण आली. आंबे पाठवू नका म्हटलं तरी पाठवाल, तर पेटीत दोन कैऱ्याही टाका, लोणच्याला.

आता ऐका. बाबांनी यंदा शिडीला हात लावायचा नाही. मृग जवळ आला, कौलं शाकारायची आहेत, हे मला इथे बसूनही माहीत आहे, पण दादा करेल, नाहीतर गडी लावा, पैसे मी पाठवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं म्हणून एका डोळ्याने कौलं मोजायची गरज नाही. पेन्शनसाठी बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही. पोस्टमन आधारकार्डावर अंगठा घेऊन दारात पैसे देतो, दादाने विचारून ठेवलंय. मुंबईहून आलेल्या कुणाच्याही ओटीवर चहाला बसायचं नाही, अगदी सख्ख्या चुलत्याच्याही. त्यांचा अपमान करू नका, अंगणातून हात जोडा, त्यांनाही इथून जीव मुठीत धरूनच निघावं लागलंय. आईने साखरेची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. फणसाची साठं घालायला उन्हात दुपारभर बसू नकोस, सकाळी घाल.

गणपतीचं आत्ता विचारू नका. तेव्हा काय असेल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि मी खोटी आशा लावणार नाही. पण घरचा गणपती बाबांच्या हातानेच बसेल.

आईच्या दोन्ही गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो सोन्याला आजच पाठवायला सांगा, मागची बाजू, नाव नीट दिसेल असा. देवरुखला दादा गुरुवारी जातोय, त्याच्याकडे महिन्याचा साठा मागवू. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचाही. बाबा, ती कपाटात उदबत्तीच्या डब्यामागे लपवलीत, तेही मला माहीत आहे.

तुमची,
बाय