हजेरीतले नाव

बरी, लँकेशायर, इंग्लंड
१४ नोव्हेंबर

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मार्चमध्ये आले आणि उत्तराला नोव्हेंबर उजाडला. तुमच्या मिलिंदला आडनाव बदलायचे आहे, राजपत्रासाठीचा अर्ज भरून तयार आहे, तुला काय वाटते ते मोकळेपणाने लिही, एवढेच तू विचारले होतेस. ते पत्र मी आठ महिने खणात ठेवले, कारण या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार ज्याला सर्वांत कमी आहे तो माणूस मीच आहे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी मात्र दुकानात असे काही घडले की आता लिहिल्यावाचून राहवत नाही. आमची प्रकृती ठीक आहे. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि शोभाची साखर आटोक्यात आहे.

आमच्या औषधांच्या दुकानात गर्दी होती. मदतनीस मुलीने एक पिशवी उचलली आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे नाव मोठ्याने वाचले, "मिस शफलबॉटम!" बाकावर बसलेली दोन मुले फसकन हसली. शहाऐंशी वर्षांच्या त्या बाई काठी टेकत पुढे आल्या, त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही आणि कागदावर सही केली. इंग्रजीत या नावाची तेरा अक्षरे होतात. थरथरत्या हाताने त्यांनी ती तेराच्या तेरा अक्षरे सुटी आणि सुवाच्य लिहिली, एकही गाळले नाही. मी काउंटरमागे उभा होतो, पण मला ऐकू आली ती सातवी 'ब'ची हजेरी. मास्तरांनी "गाढवे" म्हणताच तिसऱ्या बाकावरून गाढवाच्या ओरडण्याचा आवाज येत असे, वर्ग हसत असे, आणि तू वहीवरून मान न उचलता "हजर" म्हणत असस. तो आवाज माझा होता, मधू. रंगपंचमीला तू माझे शाईचे पेन मोडलेस म्हणून मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला आणि सगळ्यांना सांगत फिरलो की मध्या उगाच भांडतो. ते उगाच नव्हते.

बाहेर पाऊस लागला होता म्हणून दुपारच्या सुट्टीत मी त्यांना घरी सोडले. चहा घेताना त्यांनी सांगितले की भावाच्या नातवाने गेल्या वर्षी आडनाव बदलले. इथे ते अगदी सोपे आहे. 'डीड पोल' नावाचा एक कागद करायचा, साक्षीदारांसमोर सही करायची, की झाले. बाईंनी लग्न केलेले नाही आणि त्यांच्या घराण्यात तो एकच मुलगा उरला होता. "मी गेले की आमच्या बाजूचे नाव संपले," असे त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या ताटलीत आणखी एक बिस्किट ठेवले.

त्या रात्रीपासून मी या एका आडनावाच्या मागे लागलो आहे. हे आडनाव आमच्या बरीच्याच परिसरातले आहे. येथे शिपरबॉटम नावाची जागा होती आणि तेथून निघालेली माणसे त्याच नावाने ओळखली गेली, जसा नागावचा माणूस नागावकर होतो. जाणकार त्याची फोड अशी करतात की जुन्या इंग्रजीत पहिल्या भागाचा अर्थ मेंढ्या धुण्याची जागा आणि दुसऱ्याचा अर्थ दरीचा सखल तळ. लोकर कातरण्यापूर्वी मेंढपाळ ओढ्याला बांध घालून साचलेल्या पाण्यात मेंढ्या धूत असत, कारण स्वच्छ लोकरीला भाव चांगला मिळे. म्हणजे हे आडनाव मराठीत जन्मले असते तर 'ओढेकर' झाले असते आणि कोणाला त्याचे काहीही वाटले नसते. पुढे पिढ्या बदलल्या, मूळ जागा विसरली गेली, ऐकणाऱ्याला 'शिपर' समजेना, म्हणून लिहिणाऱ्याने ओळखीचा 'शफल' हा शब्द बसवला. नोंदवह्यांत याच नावाची शूबॉटम, शफलबोथम अशी रूपे सापडतात.

हसू येते ते 'बॉटम'मुळे. आपल्याकडे बूड भांड्यालाही असते आणि माणसालाही, तसेच तिथे झाले. फरक एवढाच की शरीराचा तो अर्थ इंग्रजीत लेखी सापडतो तो अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आडनाव त्याच्या कितीतरी शतके आधीचे आहे. येथून उत्तरेला जवळच इरवेल नदीकाठी रॅम्सबॉटम नावाचे आख्खे गाव आहे, आणि लाँगबॉटम, विंटरबॉटम, साइडबॉटम ही सगळी याच दऱ्याखोऱ्यांच्या नावांची भावंडे आहेत. ही नावे जेव्हा ठेवली गेली तेव्हा त्यांत लाजण्यासारखे काही नव्हते. नाव जागच्या जागी राहिले आणि भाषा त्याच्या खालून सरकली.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगतो. बोथम हे आडनावही त्याच शब्दातून आलेले आहे. होय, आपला इयन बोथम! फेब्रुवारी १९८० चा तो वानखेडेवरचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना आठव. खग्रास सूर्यग्रहणामुळे १६ तारखेला खेळ बंद ठेवला होता, तुझ्या आजीने आपल्याला खिडकीशीसुद्धा फिरकू दिले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुझ्या मामांनी आपल्याला नेले. इंग्लंडचे ५ बाद ५८ झाले तेव्हा आपण नाचत होतो, मग बोथम आणि टेलर यांनी १७१ धावांची भागी केली आणि आपण शेंगदाण्यांच्या पुड्या हातात धरून गप्प बसलो. बोथमच्या ११४ धावा आणि सामन्यात १३ बळी. पुरुषांच्या कसोटीत शतक आणि दहा बळी एकत्र घेणारा तो पहिलाच. त्याच्या नावाला कोण हसणार होते? आणि मला आता उमगते की ते सातवीचेच वर्ष होते. शनिवारी ग्रहण, रविवारी तू मला तुझ्या वाट्याचे तिकीट दिलेस, आणि सोमवारी हजेरीला मी पुन्हा तोच आवाज काढला.

बाईंच्या एका वाक्याने मला फार छळले, म्हणून नावे संपतात कशी हेही मी वाचून काढले. व्हिक्टोरियाच्या काळात फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञांना नामांकित घराणी निर्वंश का होतात हा प्रश्न पडला होता. रेव्हरंड हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकांच्या साहाय्याने त्यांनी १८७४ मध्ये त्याचे गणित मांडले. प्रत्येक बापामागे सरासरी एकच मुलगा मोठा होत असेल, तर लोकसंख्या तेवढीच राहते, पण एका माणसापासून सुरू झालेले आडनाव आज ना उद्या संपतेच. केवळ योगायोगावर सोडले तर अशा समाजात शंभरातील सुमारे सदतीस बापांना मुलगाच नसतो, आणि आडनाव बापाकडूनच जात असल्याने एवढी नावे पहिल्याच पिढीत गळतात. ज्या नावाची घरे मुळातच मूठभर, त्याला दोन-तीन पिढ्यांत मुलीच झाल्या, एखादा परदेशी गेला, एखाद्याने चेष्टेला कंटाळून नाव बदलले, की खेळ आटोपला. १८८१ च्या जनगणनेत शफलबॉटम हे नाव मुख्यतः लँकेशायर, चेशायर आणि स्टॅफर्डशायर या परगण्यांतच दिसते. एवढ्या शतकांत ते उगमापासून फारसे दूर गेलेच नव्हते.

रविवारी मी बाईंना संगणकावर १९३९ च्या नोंदणीचे पान दाखवले. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही, म्हणून सप्टेंबर १९३९ ची ही युद्धकाळातली नोंदणीच इथे मधल्या पिढीचा आधार आहे. वडिलांचे नाव, खाली आईचे, आणि त्याखाली एक सलग काळी पट्टी. हयात माणसांच्या ओळी तशा झाकून ठेवतात. बाईंनी त्या पट्टीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही मी. सहा महिन्यांची." बराच वेळ त्यांनी बोट उचलले नाही.

मिलिंदने नाव बदलू नये असे मी म्हणणार नाही. तो ज्या ज्या कार्यालयात नाव सांगतो तिथे मी बसलेलो नसतो, आणि सोसायचे त्याला आहे. बाईंचाही नातवावर राग नाही. मला एवढेच वाटते की त्याने नावाला दोष देऊन ते टाकू नये. दोष हसणाऱ्यांचा असतो, आणि त्या हसणाऱ्यांत पहिला मी होतो. तुमचे आडनाव कुठून आले हे पंचेचाळीस वर्षांत मी तुला एकदाही विचारले नाही. अर्थ मला ठाऊकच आहे असे धरून चाललो. नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुझ्या आजोबा-पणजोबांच्या सह्या आणि गावाचे नाव बहुधा मिळेल. अर्ज देण्यापूर्वी त्याला एकदा तिथे घेऊन जा. नंतर त्याने काय करायचे ते खुशाल करावे.

वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली ना? दुकानाच्या भाड्याचा तंटा मिटला की नाही, आणि सुमीच्या लग्नाची तारीख ठरली का, तेही कळव. जानेवारीत आम्ही तीन आठवडे येत आहोत. नाशिकला जायचे तेव्हाच ठरवलेस तर मीही बरोबर येईन. नाहीतर त्या पानाचा फोटो पाठव.

हे पत्र मिलिंदला वाचायला दे. सातवी 'ब'चा परिच्छेद वगळू नकोस.

तुझा,
अनंता