ओंकार आठवीत जाताना

खानापूर

चि. सौ. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

शाळेचा विषय निघाला की ओंकारच्या पोटात दुखते, हे तू फोनवर सांगितल्यापासून मनात तोच विचार आहे. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही म्हणून ते सोंग आहे, असे घरात कोणीही म्हणू नये. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक वाढते, रक्त पचनाच्या अवयवांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पोटात खरोखरच कळ येते. हे त्याला समजावून सांग. कारण कळलेल्या दुखण्याचा धाक कमी वाटतो.

त्याची काळजी मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. सातवीपर्यंत उचगावच्या मराठी शाळेत रमलेल्या मुलाने आता रोज बसने बेळगावच्या हायस्कूलमध्ये जायचे, अनोळखी मुलांत बसायचे आणि कन्नडच्या तासाला उभे राहून उत्तर द्यायचे. त्यात आपल्या कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात, तर महाराष्ट्रातल्या चंदगडची मावसभावंडे जूनच्या मध्यापर्यंत सुट्टीतच असतात, त्यामुळे त्याला आपण एकटेच पडलो असे वाटत असणार.

तरीही "आजच्या दिवस राहू दे" असे म्हणण्याचा मोह टाळ. घरी राहिले की त्या क्षणी पोटदुखी थांबते, मन ती सुटका लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उंबरठा ओलांडणे अधिकच जड जाते. प्राथमिक शाळेत शिकवताना अशी मुले मी पाहिली आहेत, आणि ज्यांना थोड्या वेळापुरते का होईना वर्गात आणून बसवले, तीच लवकर सावरली. म्हणून शाळा उघडण्याआधीच त्याच्यासोबत त्याच बसने जा, फाटक, वर्ग आणि पाण्याची जागा दाखव, वर्गशिक्षकांची गाठ घालून दे. कन्नड त्याला वाचता येते, बोलताना तो अडखळतो. शेजारच्या मुलांशी रोज थोडे बोलू दे, चुकले तर लगेच सुधारू नकोस. "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा नेमके काय टोचते ते विचार आणि तो बोलत असताना उपाय सुचवण्याची घाई करू नकोस.

झोपेकडेही लक्ष दे. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, तेव्हा झोपण्याची वेळ आतापासूनच रोज थोडी अलीकडे आण आणि मोबाईल रात्री तुझ्या खोलीत ठेव. सकाळी कळ आलीच, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला शिकव. निरोप प्रेमाने पण थोडक्यात घे.

इतके करूनही काही आठवडे तो शाळेत जाऊ शकला नाही, तर संकोच न करता समुपदेशकाकडे ने. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

भाताची पावसाआधीची धूळवाफ पेरणी आटोपली की मी येतो. पहिले दोन दिवस बसमध्ये त्याच्या शेजारी मी बसेन. तिसऱ्या दिवशी तो मित्रांसोबत जाईल का, हे त्यालाच विचारू.

तुझे बाबा